जुन्या गाडीचं हेड गॅस्केट मिळत नसेल तर काय करायचं? आमच्या पद्मिनीचा अनुभव आणि सगळी माहिती

या साइटवर आपण नेहमी फोन, अ‍ॅप, प्रोसेसर असल्या गोष्टी बघतो. आज जरा वेगळा विषय आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पण घर उचगावचं. करवीर तालुक्यातलं, कोल्हापूरला चिकटलेलं. घरासमोर शेडमध्ये आमच्या आबांची प्रीमियर पद्मिनी उभी असते, 1988 सालची. माझ्यापेक्षा वयाने मोठी.

2023 च्या एप्रिलमध्ये एका लग्नाला हुपरीला जाताना मुडशिंगीच्या पुढे तिचा तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला आणि बॉनेटमधून वाफ निघायला लागली. गाडी टो करून घरी आणली. निदान झालं: हेड गॅस्केट गेलं. आणि अडचण अशी की जूनमध्ये गाडीच्या नोंदणीची मुदत संपत होती. 15 वर्षं झालेल्या खाजगी गाडीची नोंदणी दर 5 वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी गाडी आरटीओसमोर स्वतःच्या चाकांवर उभी करावी लागते. मुदतीत चालू झाली नाही तर ती कायमची शेडमध्येच राहणार हे घरात सगळ्यांना कळत होतं. भंगारवाला तर दुसऱ्याच दिवशी येऊन भाव सांगून गेला. आबा त्याला काही बोलले नाहीत, फक्त शेडचं दार ओढून घेतलं.

पुढचे सात आठवडे मी या एका पातळ पत्र्याच्या मागे होतो. त्यात मी काय शिकलो आणि कुठे चुकलो, ते या लेखात सांगतो. तुमच्या घरी जुनी फियाट, अ‍ॅम्बॅसिडर, जीप किंवा वडिलांची जुनी बाइक असेल तर उपयोग होईल. नसेल तरी इंजिन आतून कसं चालतं ते कळेल.

हेड गॅस्केट म्हणजे नेमकं काय?

इंजिनाचे दोन मोठे भाग असतात. खालचा ब्लॉक, ज्यात सिलेंडर असतात आणि पिस्टन वर-खाली होतात. वरचं हेड, म्हणजे झाकण, ज्यात व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग असतात. हे दोन्ही भाग कितीही सपाट घासले तरी धातूवर धातू ठेवून पूर्ण बंद होत नाही. मधे बारीक फटी राहतातच. त्या बुजवणारा पातळ थर म्हणजे हेड गॅस्केट. प्रेशर कुकरच्या रिंगचंच काम, फक्त कुकरच्या रिंगला एकटी वाफ अडवायची असते. हेड गॅस्केटला एकाच वेळी तीन गोष्टी अडवायच्या असतात:

1. सिलेंडरमधला जळता वायू
2. इंजिन थंड ठेवणारं पाणी किंवा कूलंट
3. वर जाणारं आणि खाली येणारं ऑइल

हे तिघे एकमेकांपासून काही मिलिमीटर अंतरावरून जातात आणि त्यांची कधी भेट होता कामा नये.

आता आकडे बघू. पद्मिनीचं इंजिन चार सिलेंडरचं, 1089 सीसी. सिलेंडरचा व्यास 68 मिमी आणि पिस्टनची धाव 75 मिमी. (कॅल्क्युलेटर उघडा आणि चार सिलेंडरचं घनफळ काढून बघा, 1089 येतं.) पेट्रोल पेटल्यावर आतला दाब 40 बारपर्यंत सहज जातो. तुमच्या कारच्या टायरमध्ये साधारण 2 बार असतो. 68 मिमी व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ होतं सुमारे 36 चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक स्फोटाला हेड वर उचलायला जवळजवळ 1450 किलोचा जोर लागतो. अख्ख्या पद्मिनीचं वजन 900 किलोच्या आसपास आहे! इंजिन 3000 आरपीएमवर फिरत असेल तर एका सिलेंडरमध्ये हे सेकंदाला 25 वेळा होतं.

यात अजून एक गुंता आहे. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या दुप्पट प्रसरण पावतं. हेड 40 सेमी लांब धरलं आणि तापमान 70 अंशांनी वाढलं, तर हेड सुमारे 0.64 मिमी वाढतं आणि ब्लॉक 0.31 मिमी. म्हणजे गाडी तापली-थंड झाली की दर वेळी हेड गॅस्केटवरून थोडं सरकतं. 35 वर्षं हे सोसल्यावर गॅस्केट गेलं तर त्याला दोष देता येत नाही.

गॅस्केट गेलं हे कसं ओळखायचं?

नुसती गाडी गरम झाली म्हणजे हेड गॅस्केट गेलं असं नसतं. फॅन बेल्ट तुटला, पाणी गळून गेलं, रेडिएटर चोकअप झाला तरी गाडी तापते. म्हणून हेड खोलायच्या आधी या गोष्टी बघा:

• रेडिएटरमध्ये बुडबुडे: इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढा, गाडी चालू करा आणि पाण्याकडे बघा. बुडबुडे सतत येत राहिले तर सिलेंडरमधला वायू पाण्यात घुसतोय. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.
• ऑइलचा रंग: डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेस दिसला तर पाणी ऑइलमध्ये मिसळलंय.
• पांढरा धूर: सकाळी थोडी वाफ सगळ्याच गाड्या सोडतात. इंजिन तापल्यावरही ती थांबली नाही आणि पाणी कमी होत राहिलं तर संशय घ्या.
• कॉम्प्रेशन टेस्ट: प्लग काढून तिथे प्रेशर गेज लावतात आणि स्टार्टर फिरवतात. ही स्वस्त आणि उपयोगी चाचणी आहे.

आमच्या गाडीत पहिल्या आणि चौथ्या सिलेंडरला 120 पीएसआयच्या आसपास आकडा आला. दुसऱ्या आणि तिसऱ्याला जेमतेम 60. शेजारचे दोन सिलेंडर एकदम कमी दाखवतात तेव्हा त्यांच्या मधली गॅस्केटची पट्टी जळालेली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. हेड काढलं तेव्हा तसंच निघालं. पट्टी काळी पडून तुटली होती आणि तिथून एक फट जवळच्या पाण्याच्या भोकापर्यंत गेली होती.

हेड काढताना माझा फोन खरोखर उपयोगी पडला. प्रत्येक नळी, वायर, नट काढायच्या आधी फोटो. पुशरॉड काढले ते खोक्याच्या पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यात नंबरने खोचले, कारण जो जिथला तो तिथेच परत जायला पाहिजे. हेडचे नट एकदम न सोडवता बाहेरून आत, थोडे थोडे करत सोडवले. आमचे मिस्त्री मामा माझ्या फोटो काढण्यावर हसत होते. जोडताना मात्र दोनदा म्हणाले, "दाव बघू तो फोटू."

शोध सुरू झाला आणि माझी पहिली चूक

पद्मिनीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण माझी चूक त्यातच आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. (सांगलीच्या ज्या वालचंद कॉलेजात मी इंजिनिअरिंग केलं, ते त्यांच्याच नावाचं.) कंपनीने इटलीच्या फियाटशी करार केला आणि कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या बनायला लागल्या. 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट आली. तीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी झाली. 2000 च्या सुमारास उत्पादन थांबलं. तरी मुंबईची काळीपिवळी म्हणून ती पुढे कितीतरी वर्षं धावली. शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली ऑक्टोबर 2023 मध्ये.

पद्मिनीचे पार्ट अजिबातच मिळत नाहीत असं नाही. पण मिळतील तेव्हा, मिळतील तिथे. कोल्हापुरात चार दुकानं फिरलो. एका ठिकाणी जुना स्टॉक निघाला, पण ते गॅस्केट वर्षानुवर्षं खिळ्याला टांगून मधे वाकलं होतं आणि वाकल्या जागी चीर होती. मुंबईच्या एका दुकानदाराने फोनवर सांगितलं, "येईल, पण कधी ते सांगत नाही."

मग मी आपल्या पिढीचं काम केलं. फोन काढला आणि सर्च केलं. पद्मिनी मूळची फियाट 1100 डी, हे सगळीकडे वाचलं होतं. परदेशात एका विक्रेत्याकडे "फियाट 1100 डी हेड गॅस्केट" मिळालं. फोटोत हुबेहूब तसंच दिसत होतं. 4600 रुपये भरले. तीन आठवड्यांनी पार्सल आलं. ब्लॉकवर ठेवलं तर सिलेंडरची भोकं मोठी!

झालं असं होतं: इटलीत विकल्या गेलेल्या 1100 डी चं इंजिन 1221 सीसीचं होतं आणि त्याचा व्यास 72 मिमी. भारतात बनलेल्या गाडीत 1089 सीसीचं, 68 मिमी व्यासाचं इंजिनच राहिलं. गाडीचं नाव एक, दिसणं एक, पण इंजिन वेगळं. विक्रेत्याची काही चूक नव्हती, त्याने नाव बरोबरच लिहिलं होतं. मी नाव जुळवलं, माप जुळवलं नाही. रोज ऑफिसात लायब्ररीचं व्हर्जन तपासल्याशिवाय मी एक ओळ टाकत नाही आणि इथे फोटो बघून पैसे भरले.

"4 मिमीचा तर फरक आहे, बसवून टाकू," असं मला एकदा वाटलं होतं, ते का करायचं नाही हेही सांगतो. भोक मोठं असलं की वायू अडवणारी रिंग सिलेंडरच्या काठापासून लांब जाते आणि पाण्याच्या भोकांच्या जवळ सरकते. दोन सिलेंडरमधली पट्टी आधीच अरुंद, ती अजून बारीक होते. जी जागा आधी जळाली तीच सगळ्यात आधी परत जळणार. उलटं, भोक लहान असेल तर गॅस्केटचा काठ आत ज्वाळेत लोंबतो आणि पिस्टनलाही लागू शकतो. दोन्हीकडून नुकसान.

यातून नियम एकच: गॅस्केट मागवताना गाडीचं नाव सांगून थांबू नका. सिलेंडरचा व्यास, गॅस्केटची लांबी-रुंदी आणि भोकांची संख्या, सगळं स्वतः मोजा. जुन्या इंजिनाचं रिबोअरिंग झालेलं असेल तर व्यास मूळ आकड्यापेक्षा जास्त निघतो, तेही लक्षात ठेवा.

आता तीन पर्याय

मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला होता. मिस्त्री मामांनी तीन रस्ते सांगितले.

पहिला, जुन्या स्टॉकचा माल शोधत राहायचं. मिळालं तर उत्तम, पण ते वाकलेलं, चिरलेलं, गंज चढलेलं नसावं.

दुसरा, नवीन कंपोझिट गॅस्केट बनवून घ्यायचं. यात ग्राफाइटसारखा मऊ थर आणि सिलेंडरभोवती स्टीलची रिंग असते. चांगलं टिकतं, पण ती रिंग बसवायला डाय लागतो. एका नगासाठी कोणी डाय बनवत नाही.

तिसरा, तांब्याच्या सबंध पत्र्यातून कापून घ्यायचं. एक नगही बनतो. तांबं मऊ असल्याने दाबलं की थोडं बसतं आणि उष्णता पटकन पसरवतं. पण ते कंपोझिटसारखं फुगून फटी भरत नाही. त्यामुळे हेड आणि ब्लॉक दोन्ही अगदी सपाट पाहिजेत आणि पाण्या-ऑइलच्या भोकांभोवती सीलंट लावावं लागतं.

आजच्या गाड्यांत स्टीलच्या तीन-चार पातळ थरांचं गॅस्केट असतं, ज्याला एमएलएस म्हणतात. ते जुन्या इंजिनाला का नाही? कारण त्याला आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग लागतो आणि आपल्या आकाराचं ते मिळणंही अवघडच.

आम्ही तांबं निवडलं. वेळ हे एक कारण होतं, गाव हे दुसरं. कोल्हापूर म्हणजे फाउंड्रीचं शहर. उद्यमनगरात एकेकाळी ऑइल इंजिनं बनत होती. आमच्या उचगावातच घाटगे-पाटील इंडस्ट्रीजची मोठी फाउंड्री आहे. धातूत एक नग करून देणारा माणूस इथे दहा किलोमीटरच्या आत सापडतो.

जुन्या गॅस्केटवरून ड्रॉइंग कसं बनवलं?

आधी एक महत्त्वाची सूचना. जुन्या गाड्यांची गॅस्केट बहुतेक तांबं आणि अ‍ॅस्बेस्टॉसची असतात. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते आणि अनेक वर्षांनी गंभीर आजार, कॅन्सरसुद्धा, होऊ शकतो. त्यामुळे जुनं गॅस्केट कोरडं खरवडू नका, सँडपेपर किंवा ग्राइंडर लावू नका, हवेने फुंकू नका. पाण्याने ओलं करून, चांगला मास्क लावून सावकाश काढा आणि प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा. आम्हीही ओलं करूनच काढलं आणि स्कॅन करताना दोन पारदर्शक प्लास्टिक शीटमध्ये सील केलं.

आता ड्रॉइंग. मी आधी फोनने वरून फोटो काढला. फोटोवरून मोजलं तर 40 सेमीच्या लांबीत जवळजवळ 3 मिमीचा फरक आला. फोन किंचित तिरपा असला तरी आकार बिघडतो आणि लेन्समुळे कडा वाकतात. गॅस्केटला 3 मिमी म्हणजे फार झालं.

मग कागद स्कॅन करायचा साधा फ्लॅटबेड स्कॅनर वापरला. त्यात कॅमेऱ्याचा कोन नसतो, म्हणून माप बरंच खरं येतं. 300 डीपीआयला एक पिक्सेल म्हणजे 0.085 मिमी, एवढी अचूकता पुरते. गॅस्केट ए-फोर कागदापेक्षा लांब, म्हणून दोन भागांत स्कॅन केलं. शेजारी स्टीलची पट्टी ठेवली, म्हणजे माप तपासता येतं आणि दोन्ही तुकडे नीट जुळतात. इंकस्केपमध्ये चित्र ट्रेस केलं, लिब्रेकॅडमध्ये गोल आणि मापं पक्की केली. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. महत्त्वाची मापं मात्र व्हर्नियरने ब्लॉकवरून परत घेतली, कारण जुनं गॅस्केट दबून थोडं पसरलेलं असतं. सिलेंडर 68 मिमी होता, गॅस्केटचं भोक आम्ही 69 ठेवलं.

माझी दुसरी चूक, जी वेळेत पकडली गेली

ट्रेस करताना मला दिसलं की गॅस्केटमधली पाण्याची काही भोकं ब्लॉकमधल्या भोकांपेक्षा बरीच लहान आहेत. ब्लॉकमध्ये मोठं तोंड आणि गॅस्केटमध्ये चण्याएवढं भोक. मला वाटलं, कंपनीने कुठल्या तरी दुसऱ्या इंजिनाचं गॅस्केट चालवून घेतलंय. मी ती सगळी ब्लॉकच्या मापाने मोठी केली. ड्रॉइंग अगदी सुबक दिसायला लागलं.

कागदावर प्रिंट काढून मामांना दाखवलं. त्यांनी जुनं गॅस्केट शेजारी ठेवलं, दोनदा बघितलं आणि विचारलं, "ही भोकं तू मोठी केलीस व्हय?"

"हो मामा, ब्लॉकमध्ये मोठीच आहेत ना."

"आरं, ती बारीक हैत ती चुकून न्हाईत. पाणी सगळं पुढच्याच भोकातनं वर गेलं तर मागचा सिलेंडर काय कोरडा ठेवतोस?"

मामा सातवीपर्यंत शिकलेले. पण मुद्दा पक्का होता. पाण्याचा पंप इंजिनाच्या पुढच्या टोकाला असतो. पाणी सोपा रस्ता शोधतं. सगळी भोकं मोठी ठेवली तर ते पंपाजवळूनच हेडमध्ये चढतं आणि मागचे सिलेंडर तापतात. पुढची भोकं बारीक ठेवून पाण्याला मागपर्यंत ढकललेलं असतं. म्हणजे गॅस्केट नुसतं झाकत नाही, पाण्याची वाटणीही करतं. माझं ड्रॉइंग तसंच कापलं असतं तर गाडी चालू झाली असती, पहिले काही दिवस ठीक वाटली असती आणि उन्हाळ्यात एखाद्या चढावर परत तापली असती. भोकं मी जुन्या मापावर आणली. आता कोणाच्या जुन्या कोडमध्ये विचित्र ओळ दिसली की ती काढायच्या आधी मी विचारतो, ही कोणी आणि का घातली असेल?

कागदी प्रिंटचा अजून एक फायदा: ती कापून थेट ब्लॉकवर ठेवता येते. प्रिंट करताना "फिट टू पेज" बंद करा, नाहीतर सगळंच लहान येईल. आमचं एक नटाचं भोक दीड मिमी सरकलेलं निघालं. ते कागदावर दिसलं म्हणून तांबं वाया गेलं नाही.

जाडी किती ठेवायची?

जाडी चुकली तर कॉम्प्रेशन बदलतं. एका सिलेंडरचं घनफळ 272 सीसी. समजा कॉम्प्रेशन रेशो 7.5 आहे, म्हणजे पिस्टन वर असताना उरलेली जागा सुमारे 42 सीसी. गॅस्केट 0.3 मिमी पातळ झालं तर ती जागा जवळजवळ 1.1 सीसीने कमी होते आणि रेशो 7.7 च्या आसपास जातो. जाड केलं तर उलट होऊन ताकद कमी.

आमचं जुनं दबलेलं गॅस्केट मायक्रोमीटरने 1.4 मिमी भरलं. त्याआधी हेड तपासलं होतं. सरळ स्टीलची पट्टी आडवी-तिरपी ठेवून खाली फीलर गेज सरकवायचं. साधारणपणे 0.05 मिमीपर्यंत चालवून घेतात, आमचं हेड मधे 0.12 मिमी बसलं होतं. उद्यमनगरात फेसिंग करून 0.15 मिमी काढले. हेड तेवढं खाली आलं, म्हणून गॅस्केट तेवढं जाड पाहिजे: 1.4 अधिक 0.15, म्हणजे 1.55. बाजारात 16 गेजचा तांब्याचा पत्रा 1.6 मिमीचा मिळतो. गणित जुळलं.

पत्रा साधारण सव्वा किलोचा झाला. तांब्यावरून लेझरचा प्रकाश बराच परावर्तित होतो, त्यामुळे साध्या लेझर मशीनवर ते कापत नाहीत. आम्ही वायरकटवर कापून घेतलं. त्यात प्रत्येक आतल्या भोकासाठी आधी एक छोटं ड्रिल मारावं लागतं, ज्यातून वायर ओवतात. वेळ लागला, पण कडा स्वच्छ आल्या.

बसवताना घेतलेली काळजी

1. तांबं मऊ करणं: कापताना, ठोकताना तांबं कडक होतं. मामांनी दिवे मालवून गॅसच्या ज्योतीने ते मंद लाल होईपर्यंत सगळीकडे सारखं तापवलं. अंधारात रंग नीट कळतो. लोखंडाचं उलट आहे, पण तांबं पाण्यात बुडवून थंड केलं तरी मऊच राहतं.
2. सफाई: नटांची आणि बोल्टची भोकं पूर्ण कोरडी. तळ बंद असलेल्या भोकात ऑइल राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉकला तडा जाऊ शकतो.
3. सीलंट: पाण्या-ऑइलच्या भोकांभोवती उष्णता सोसणाऱ्या सीलंटचा पातळ थर. जास्त लावलं की ते आत सुटून बारीक वाटा बंद करतं.
4. आवळणं: मधल्या नटापासून सुरुवात, मग गोल फिरत बाहेर. एका दमात नाही, तीन टप्प्यांत. टॉर्क पाना वापरायचाच आणि आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलचाच घ्यायचा.
5. परत आवळणं: इंजिन एकदा तापवून पूर्ण थंड झाल्यावर नट परत तपासायचे. या प्रकारच्या गॅस्केटला हे लागतंच. त्यानंतर व्हॉल्व्हचा गॅप सेट करायचा.

मूळ कारण शोधलं का?

गॅस्केट जळणं हे बहुतेक वेळा लक्षण असतं. गाडी मुळात तापली का, हे शोधलं नाही तर नवीन गॅस्केटही त्याच वाटेने जातं. आमच्याकडे वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये घालत होते. त्याचे क्षार साठून रेडिएटरच्या खालच्या नळ्या जवळजवळ निम्म्या बंद झाल्या होत्या. घरातल्या गिझरला पांढरा थर बसतो ना, तोच. रेडिएटर उघडून रॉड मारून घेतला, ब्लॉक धुतला आणि आता तयार कूलंटच घालतो. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम साध्या पाण्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खराब होतं, म्हणून गंजरोधक असलेलं कूलंट आता जास्तच गरजेचं आहे.

पुढे काय झालं?

जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी चालू झाली. सगळं एकदम छान झालं असं म्हणणार नाही. मागच्या कोपऱ्यात पाण्याचा बारीक पाझर दिसत होता. माझं तोंड उतरलं. मामा म्हणाले, "दम धर, परत आवळू." दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर नट परत आवळले, पाझर थांबला. कॉम्प्रेशन चारही सिलेंडरला 115 ते 120 च्या मधे आलं.

आरटीओला जाताना आबा स्वतः चालवायला बसले. तावडे हॉटेलच्या चौकात गर्दीत दहा मिनिटं अडकलो. मी सारखा काट्याकडे बघत होतो, आबा समोर. काटा मधेच थांबला होता. पाच वर्षांची मुदत वाढून मिळाली, 2028 पर्यंत. घरी आल्यावर आबा एवढंच म्हणाले, "त्या भंगारवाल्याला सांगून ठिवा, येऊ नको म्हणावं."

तुमच्यासाठी थोडक्यात

• जुनं गॅस्केट जळालं तरी फेकू नका, तेच तुमचं ड्रॉइंग आहे. पण अ‍ॅस्बेस्टॉस समजूनच हाताळा.
• आधी तयार कंपोझिट गॅस्केट शोधा. मिळालं तर तेच सोपं आहे. तांब्याचा मार्ग नंतरचा.
• ऑर्डर करताना नावापेक्षा मापावर विश्वास ठेवा.
• गॅस्केटमधली लहान भोकं "दुरुस्त" करू नका.
• हेडचा सपाटपणा तपासल्याशिवाय गॅस्केट बसवू नका.
• पहिल्यांदा करत असाल तर एकट्याने करू नका. टॉर्क पाना आणि जाणता मिस्त्री, दोन्ही सोबत पाहिजेत.

आमच्या 1089 सीसी इंजिनाच्या गॅस्केटची ड्रॉइंग फाइल मी जपून ठेवली आहे, जाडी आणि भोकांच्या मापांसकट. कोणाची पद्मिनी याच कारणाने शेडमध्ये अडकली असेल तर जरूर मागा, फुकट देईन. फक्त कापायच्या आधी कागदावर प्रिंट काढून तुमच्या ब्लॉकवर ठेवून बघा.